छापखान्याच्या सर्व्हरसाठी डिस्कची मांडणी: जे नंतर बदलत नाही ते आधी ठरवा

निपाणीच्या एका ऑफसेट छापखान्यातून प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: जुना विंडोज सर्व्हर काढून डेबियन १३ लिनक्स टाकायचं आहे. नव्या मशीनमध्ये ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क आणि १६ जीबी रॅम आहे. डीटीपीची सहा मशीन, त्यातले दोन मॅक, सांबावरून (लिनक्स सर्व्हरवरच्या फाइली विंडोज-मॅकला देणारं सॉफ्टवेअर) फाइली उघडणार. बिलिंग पोस्टग्रेस या डेटाबेसवर आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल, ग्रामपंचायतीचे कन्नड फॉर्म असं मिश्र काम असतं. पावसाळ्यात लाइट दिवसातून चार वेळा जाते. एक जण म्हणतो सगळं एकाच पार्टिशनमध्ये (डिस्कचा स्वतंत्र भाग) टाका, दुसरा म्हणतो सात-आठ करा. खरं काय?

दोघंही चुकीच्या ठिकाणी भांडत आहेत. पार्टिशन किती यापेक्षा कुठली गोष्ट नंतर दुरुस्त करता येते आणि कुठली येत नाही, हे आधी वेगळं काढा. माउंटचे (डिस्कचा भाग सिस्टमला जोडण्याचे) पर्याय, स्वॅप (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा), राखीव जागा हे सगळं चालू सर्व्हरवर पाच मिनिटांत बदलतं. पार्टिशन टेबलचा (डिस्कवरच्या भागांची यादी) प्रकार, मशीन सुरू करणाऱ्या ईएफआय पार्टिशनचा आकार, आयनोडची (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद) संख्या आणि फाइलसिस्टमची (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) निवड मात्र बदलायची तर बहुतेकदा माहिती दुसरीकडे हलवून पुन्हा सगळं मांडावं लागतं. डोकं तिथे खर्च करा.

पार्टिशन टेबल जीपीटीच घ्या. जुन्या एमबीआरमध्ये सेक्टरचा पत्ता ३२ बिटांचा असतो. ५१२ बाइटचा सेक्टर धरला तर तो २ टीआयबीपर्यंतच पोचतो, म्हणजे तुमच्या ४ टीबीच्या डिस्कचा जवळपास अर्धा भाग वाया. जीपीटी आपल्या टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवतं. सुरुवातीचे सेक्टर खराब झाले तर जीडिस्क वापरून त्या प्रतीवरून टेबल परत उभं करता येतं. पार्टिशनची सुरुवात १ एमआयबीच्या पटीत असावी. आजची एफडिस्क आणि पार्टेड हे आपोआप करतात. जुन्या डिस्कवरचं ६३ व्या सेक्टरपासून सुरू होणारं टेबल जसंच्या तसं उचलून आणलं, तर ४ केबीच्या सेक्टरवर प्रत्येक लिखाणाला आधी वाचन, मग लिखाण असा दुप्पट खेळ होतो आणि डिस्क उगाच संथ वाटते.

आता एसएसडी. पहिलं पार्टिशन ईएफआयचं, फॅट३२, १ जीबी. काही इन्स्टॉलर याला १०० एमबी देऊन मोकळे होतात आणि पुढे फर्मवेअरचं अपडेट उतरवायलाच जागा उरत नाही. हे पार्टिशन डिस्कच्या तोंडाशी असतं आणि त्याला लागून लगेच दुसरं, त्यामुळे वाढवणं जिकिरीचं. दुसरं /बूट, ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टम), २ जीबी. प्रत्येक कर्नलसोबत (लिनक्सचा गाभा) इनिटरामएफएसची, म्हणजे बूट होताना आधी लागणारी, फाइल येते आणि फर्मवेअर धरून ती पन्नास ते शंभर एमबीच्या घरात, कधी त्याहूनही मोठी होते. ३०० एमबीच्या /बूटमध्ये तिसरं कर्नल आलं की अपडेट अर्ध्यावर लटकतं, पॅकेज बसवणारं डीपीकेजी अर्धवट अवस्थेत अडकतं आणि मग कुठलंच पॅकेज बसत नाही. तसं झालंच तर जुनं कर्नल एपीटीच्या ऑटोरिमूव्हने काढा. /बूटमधल्या फाइली हाताने उडवू नका, पॅकेज व्यवस्थेला ते कळत नाही.

उरलेली सगळी एसएसडी एका एलव्हीएमच्या (डिस्कची जागा हवी तशी वाटणारी लिनक्सची व्यवस्था) फिजिकल व्हॉल्यूमला द्या आणि त्यातून व्हॉल्यूम कापा. रूटला (मुख्य सिस्टम) ४० जीबी, /व्हारला (लॉग, छपाईची रांग अशा बदलत्या फाइली) ४०, पोस्टग्रेसला २०, स्वॅपला ४, चालू कामाच्या फाइलींना १५०. बेरीज केलीत तर दोनशे जीबीच्या आसपास जागा कुणालाच दिलेली नाही. ती मुद्दामच ठेवली आहे. ईएक्सटी४ चालू असताना वाढवता येते, लहान करायची तर बंद करावी लागते. मोकळी जागा हाताशी असली की कुठला व्हॉल्यूम भरत आला तरी एलव्हीएक्स्टेंडला वजा-आर जोडून एका ओळीत काम होतं. सगळी जागा पहिल्याच दिवशी वाटून टाकली तर दुसऱ्याची कापून तिसऱ्याला द्यावी लागते आणि त्या कापाकापीतच माहिती जाते.

मोकळ्या जागेचा आणखी एक उपयोग. मोठ्या अपडेटच्या आधी रूटचा १० जीबीचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घ्या. बिघडलं तर एलव्हीकन्व्हर्टच्या मर्जने मागे जा. इथे दोन खाचखळगे आहेत. स्नॅपशॉटला दिलेली जागा भरली की तो तिथल्या तिथे निकामी होतो, म्हणून काम झाल्यावर काढून टाका. आणि /बूट एलव्हीएमच्या बाहेर असल्यामुळे ते मागे जात नाही. रूट जुनं आणि कर्नल नवं असं होतं, नव्या कर्नलचे मॉड्यूल जुन्या रूटमध्ये नसतात आणि नेटवर्क कार्डसुद्धा ओळखलं जात नाही. अशा वेळी सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या यादीतून आधीचं कर्नल निवडून सुरू करा.

/व्हार वेगळं का, हा छापखान्याच्या बाबतीत रास्त प्रश्न आहे. कप्सचा, म्हणजे छपाई सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा, स्पूल (छपाईची रांग) तिथेच असतो. पोस्टर आकाराची पीडीएफ छपाईला टाकली की रास्टर होऊन ती शेकडो एमबीची होते, आणि छापून झालेल्या फाइलीही कप्स नेहमीच्या सेटिंगला एक दिवस सांभाळून ठेवतं. लग्नसराईत चार मशीनवरून रांग लागली की स्पूल फुगतो. तो रूटवर असेल तर रूट भरतं, आणि भरलेल्या रूटवर लॉगिन, अपडेट, सांबा सगळंच अडखळतं. वेगळ्या व्हॉल्यूमवर असेल तर फक्त छपाई थांबते. पोस्टग्रेसचं तसंच: त्याचा डब्ल्यूएएल (प्रत्येक बदलाची आधी होणारी नोंद) लिहायला जागा नसेल तर ते पॅनिक देऊन बंद पडतं, म्हणून त्याला स्वतःचा वाटा. /यूएसआर वेगळं करण्याचा जुना सल्ला मात्र आज धरू नका, त्यातून अडचणीच जास्त निघतात. /होम या सर्व्हरवर कुणी वापरतच नाही, वेगळं काढायचं कारण नाही.

स्वॅपवर लोक फार वेळ घालवतात. १६ जीबी रॅम आहे, हायबरनेट करायचं नाही. ४ जीबी पुरे.

डेबियन १३ मध्ये /टीएमपी (तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर) आपोआप रॅममध्ये जातं, जास्तीत जास्त निम्म्या रॅमपर्यंत. म्हणजे तुमच्याकडे ८ जीबी. घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफच्या सॉफ्टवेअरने मोठा अहवाल फिरवताना तात्पुरत्या फाइली तिथे टाकल्या की रॅम भरते, मग स्वॅप सुरू होतं आणि बिलिंग मंदावतं. टीएमपी डॉट माउंट हे युनिट मास्क करून /टीएमपी परत डिस्कवर आणा, किंवा त्या कामापुरता टीएमपीडीआयआर /व्हार/टीएमपीकडे वळवा. /टीएमपीला नोएक्झेक (तिथून काही चालवू न देणं) लावण्याचा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. लावलात तर काही प्रिंटर ड्रायव्हरचे इन्स्टॉलर तिथूनच स्क्रिप्ट चालवतात हे लक्षात असू द्या, नाहीतर ‘परवानगी नाही’ या निरोपाचं कारण शोधण्यात दुपार जाईल.

दोन हार्ड डिस्क जुन्या कामांच्या संग्रहासाठी. त्यांचा एमडी रेड १ करा, म्हणजे लिनक्सच माहितीची सारखी प्रत, आरसा, दोन्ही डिस्कवर ठेवतं. प्रत्येक डिस्कवर एकच पार्टिशन, पण शेवटची १ जीबी जागा सोडून. दोन कंपन्यांच्या ‘४ टीबी’ डिस्क नेमक्या सारख्या असतीलच असं नाही. उद्या एक डिस्क मेली आणि कोल्हापूरहून आणलेली दुसरी थोड्या एमबींनी लहान निघाली, तर ती रेडमध्ये बसणारच नाही. १ जीबी सोडलं की हा प्रश्न मिटतो.

डिस्क घेताना एसएमआर प्रकारची घेऊ नका. तिच्यात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. रेड परत भरताना सलग तासन्‌तास लिखाण होतं, तिथे अशी डिस्क धापा टाकते आणि कधीकधी रेडमधून बाहेर फेकली जाते. २०२० साली एका मोठ्या कंपनीने नॅससाठी (नेटवर्कवरची साठवण) म्हणून विकलेल्या डिस्कमध्ये हे तंत्र असल्याचं उघड झालं आणि बराच गदारोळ झाला. तेव्हापासून मॉडेल नंबरवरून सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली) की एसएमआर हे कंपन्यांच्या यादीत पाहता येतं. दुकानदाराच्या शब्दावर न जाता तेवढं बघा.

घरगुती डिस्क रेडमध्ये लावली तर अजून एक घोळ होतो. खराब सेक्टर वाचताना ती मिनिट-मिनिटभर धडपडत राहते, पण कर्नल ३० सेकंदच वाट पाहतं. मग ते डिस्क रीसेट करतं आणि एका खराब सेक्टरपायी सगळी डिस्क बाद ठरते. स्मार्टसीटीएल या आज्ञेने एससीटीईआरसीला (वाचन सोडून देण्याची मुदत, दशांश सेकंदांत) ७०,७० द्या, म्हणजे डिस्क ७ सेकंदांत हार मानेल आणि रेड दुसऱ्या डिस्कवरून तो भाग भरून काढेल. बहुतेक डिस्क हे सेटिंग वीज गेली की विसरतात, म्हणून ते प्रत्येक बूटला चालवा. डिस्कला ही सोयच नसेल तर उलट करा, कर्नलची मुदत १८० सेकंदांवर न्या.

तुमच्याकडे लाइट जाते म्हणून रेडचा बिटमॅप फार महत्त्वाचा. लिखाण कुठे चालू होतं याची ती नोंद असते. बिटमॅप असेल तर अचानक बंद पडल्यावर तेवढाच भाग जुळवला जातो, बहुतेकदा काही मिनिटांत. नसेल तर पूर्ण ४ टीबी. सेकंदाला १५० एमबी धरले तरी साडेसात तास, आणि काम चालू असेल तर त्याहून बराच जास्त. १०० जीबीपेक्षा मोठ्या रेडला रेड सांभाळणारं एमडीएडीएम तो आपोआप जोडतं, पण एमडीस्टॅटमध्ये बिटमॅपची ओळ दिसते ना, हे स्वतः पाहून घ्या. डेबियन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रेडची पूर्ण तपासणी करतं. त्या दिवशी डिस्क घरघरत असेल तर घाबरू नका.

फाइलसिस्टम कुठली? या ठिकाणी सगळीकडे ईएक्सटी४, आणि त्याचं कारण तंत्रापेक्षा माणसांचं जास्त आहे. झेडएफएस उत्तम आहे. प्रत्येक ब्लॉकची चेकसम (बिघाड ओळखायची खूण) ठेवतं, आणि दहा वर्षांपूर्वीच्या पत्रिकेच्या फाइलीत एक बिट फिरला तरी आरशातल्या दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्त करतं. पण डेबियनमध्ये ते कर्नलसोबत येत नाही, प्रत्येक नव्या कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा बांधलं जातं. एखाद्या अपडेटला ते बांधलं गेलं नाही तर सकाळी डेटा दिसतच नाही, आणि ते सोडवणारा माणूस छापखान्यात नाही. बीटीआरएफएसमध्येही चेकसम आहे, ते कर्नलमध्येच आहे. पण त्याच्या रेड १ मधली एक डिस्क मेली की पुढच्या बूटला डिग्रेडेड हा पर्याय हाताने दिल्याशिवाय ते माउंट होत नाही. ग्राहक दारात उभे असताना हे नको. एक्सएफएस मोठ्या फाइलींना चांगली, आयनोडची चिंता नाही, फक्त ती लहान करता येत नाही, वाढतेच.

झेडएफएस घ्यायचंच ठरवलं तर न बदलणाऱ्या तीन गोष्टी पूल (झेडएफएसचा डिस्कसंच) करतानाच द्या: अ‍ॅशिफ्ट १२, यूटीएफ८ओन्ली चालू, आणि नॉर्मलायझेशन (फाइलींची नावं एकाच रूपात धरणं, ते पुढे येतं). अ‍ॅशिफ्ट ९ राहिला तर ४ केबीच्या डिस्कवर तो पूल कायमचा संथ होतो. कॉम्प्रेशन एलझेड४ चालू ठेवा, पण ते नंतरही लावता येतं.

ईएक्सटी४ बनवताना नेहमीच्या मापाने दर १६ केबीला एक आयनोड पडतो. ४ टीबीवर म्हणजे २४ कोटींहून जास्त आयनोड, प्रत्येकी २५६ बाइट, मिळून सुमारे ६२ जीबी फक्त तक्त्यांना. तुमच्या फाइली कोरलड्रॉ, फोटोशॉप आणि पीडीएफच्या, सरासरी काही एमबींच्या. वजा-आय ६५५३६ द्या. आयनोड सहा कोटींवर येतात, तेही पुष्कळ झाले, आणि ४५ जीबीहून जास्त जागा वाचते. लार्जफाइल हा पर्याय १ एमबीला एकच आयनोड देतो, तो घेऊ नका. मॅक प्रत्येक फोल्डरमध्ये छोट्या फाइली पेरतो, थंबनेल असतात, आणि आयनोड संपले की अर्धी डिस्क रिकामी असतानाही ‘जागा नाही’ असं उत्तर येतं. जागा दाखवणाऱ्या डीएफला वजा-आय लावल्याशिवाय कारण दिसतही नाही. फाइलसिस्टम बनवल्यावर काही तास डिस्कचा दिवा लुकलुकत राहतो. आयनोडचे तक्ते मागाहून शून्य केले जात असतात, बिघाड नाही.

५ टक्के जागा रूट नावाच्या व्यवस्थापक वापरकर्त्यासाठी राखीव असते. ४ टीबीवर ती २०० जीबी होते. संग्रहाच्या डिस्कवर ट्यून२एफएसने १ टक्का करा. रूट आणि /व्हारवर आहे तशी राहू द्या, डिस्क गच्च भरल्यावर आत शिरून साफसफाई करायला तीच जागा कामी येते.

आता फाइलींची नावं. इंग्रजीतल्या मार्गदर्शिकांत हा मुद्दा येत नाही आणि आपल्याकडे पहिल्याच आठवड्यात डोकं वर काढतो. ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस सगळ्यांत फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइट आहे. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत इंग्रजी अक्षर १ बाइटचं, देवनागरी आणि कन्नड मात्र ३ बाइटचं. तेही अक्षर म्हणजे आपण मोजतो ते जोडाक्षर नव्हे. ‘क्षी’मध्ये क, हलंत, ष, वेलांटी असे चार तुकडे, म्हणजे १२ बाइट. नावाला असे ८५ तुकडेच मिळतात. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये मर्यादा २५५ यूटीएफ-१६ एककांची असल्यामुळे तिथे २५५ तुकडे बसतात. म्हणून जुन्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं सुखाने नांदलेलं ‘श्री महालक्ष्मी को-ऑप क्रेडिट सोसायटी वार्षिक अहवाल मराठी-कन्नड अंतिम दुरुस्त मुखपृष्ठ व मलपृष्ठ नवीन’ असलं नाव लिनक्सवर येताना ‘नाव फार लांब’ म्हणून अडतं. फाइली कॉपी करणारं आरसिंक पुढच्या फाइलींकडे वळतं, शेवटी २३ हा कोड देतं, आणि तो कोड कुणी पाहिला नाही तर अहवाल मागे राहिल्याचं वर्षभराने कळतं. होम फोल्डर ईक्रिप्टएफएसने कुलूपबंद केलेलं जुनं मशीन असेल तर ही मर्यादा १४३ बाइटवर येते, म्हणजे सत्तेचाळीस तुकडे. लांब नावं हलवण्याआधीच हुडकून लहान करा आणि पत्ता, तारीख वगैरे फोल्डरच्या नावात न्या.

दुसरा गुंता, दिसायला सारखी पण आतून वेगळी नावं. कऱ्हाडच्या ‘ऱ’चा युनिकोडमध्ये एक स्वतंत्र कोड आहे, आणि तोच ‘र’ अधिक नुक्ता असाही लिहिता येतो. कन्नडमध्ये ओकाराच्या चिन्हाचं असंच आहे, एक कोड किंवा दोन. ईएक्सटी४ बाइट बघतं, अर्थ बघत नाही, त्यामुळे ‘कऱ्हाड’ नावाची दोन फोल्डर शेजारी बसू शकतात. जुन्या मॅकची एचएफएस प्लस डिस्क सगळी नावं फोडलेल्या रूपात ठेवते. तिच्यावरून सरळ कॉपी केलं की शोधात फाइल सापडत नाही, आणि बॅकअपमध्ये तीच फाइल दोनदा दिसते. नावं बदलणाऱ्या कॉन्व्हएमव्हीला एनएफसीचा (जोडलेलं रूप) पर्याय देऊन नावं एका रूपात आणा. ते आधी नुसतं काय बदलेल ते दाखवतं, नोटेस्ट दिल्यावरच खरं बदलतं. पण कुणी ‘ऱ्या’ टाइप करताना र, हलंत आणि अदृश्य जोडखूण असा मार्ग वापरला असेल, तर ते रूप कुठल्याच नॉर्मलायझेशनने जुळत नाही. सगळ्या मशीनवर एकच कीबोर्ड मांडणी, शक्यतो इनस्क्रिप्ट, ठेवणं हाच उपाय. कॅपिटल-स्मॉलची भानगड फक्त इंग्रजी नावांना आहे आणि ती सांबा सांभाळतो. देवनागरीला तो त्रास नाही, तेवढंच सुख.

मॅकवाल्यांसाठी एक सूचना. जुन्या मॅक फॉन्टची सगळी माहिती रिसोर्स फोर्कमध्ये (फाइलीला जोडलेला वेगळा भाग) असते, फाइल वरून ० केबी दिसते. सांबाच्या फ्रूट मॉड्यूलमध्ये रिसोर्सचं सेटिंग आहे तसं, म्हणजे वेगळ्या फाइलीत, राहू द्या. ते स्ट्रीमवर नेलं तर माहिती एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूटमध्ये जाते, ईएक्सटी४ मध्ये तिला जेमतेम एका ब्लॉकची, ४ केबीची, जागा असते, आणि फॉन्ट तिथे मावत नाही.

लाइटचं. जर्नल (लिखाणाआधीची नोंदवही) असलेली फाइलसिस्टम स्वतः बिघडत नाही, हे खरं. पण ‘सेव्ह झालं’ असं डीटीपीवाल्याला दिसलं म्हणजे ते डिस्कवर गेलंच असं नाही. कर्नल लिहायच्या गोष्टी रॅममध्ये ३० सेकंदांपर्यंत धरून ठेवतं, आणि उपलब्ध रॅमच्या १० टक्के साचल्यावर ओतायला लागतं. १६ जीबीवर म्हणजे दीड जीबीच्या आसपास. तेवढं एका झटक्यात जाऊ शकतं. कर्नलच्या सेटिंगमध्ये, सिसकंट्रोलमध्ये, व्हीएम डॉट डर्टी बॅकग्राउंड बाइट्स ६७१०८८६४, डर्टी बाइट्स २६८४३५४५६ आणि एक्स्पायर १००० करा. म्हणजे ६४ एमबी साचल्यावर ओतणं सुरू, २५६ वर लिहिणाऱ्याला थांबवणं, आणि १० सेकंदांहून जुनं काही रॅममध्ये पडून न राहणं. सलग मोठ्या कॉपीचा वेग किंचित घटतो, बाकी जाणवत नाही.

वेग वाढवायचे म्हणून जे पर्याय सुचवले जातात त्यातले नोबॅरियर, डेटा रायटबॅक आणि कमिट ६० हे तिन्ही तुमच्याकडे वर्ज्य. नोबॅरियरने डिस्कच्या स्वतःच्या कॅशमधला क्रम बिघडतो आणि मग जर्नलच खोटं ठरतं. पोस्टग्रेसचं एफसिंक (लिहिलेलं खरंच डिस्कवर गेल्याची खात्री) बंद करणं हाही त्याच जातीचा सल्ला.

इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको, असं समजू नका. इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असेल आणि ते चालू असेल तर मशीन तग धरतं, पण बॅटरी संपत आल्याचं तो संगणकाला सांगत नाही. सर्व्हरपुरता यूएसबी केबलवाला लहान लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस घ्या, नट हे सॉफ्टवेअर जोडा आणि बॅटरी खालच्या पातळीला गेली की सर्व्हर स्वतः बंद होईल असं करा. मग केबल काढून खरंच बंद होतो का ते बघा. एनव्हीएमईच्या स्मार्ट नोंदीत ‘अनसेफ शटडाउन’चा आकडा असतो. आज लिहून ठेवा आणि महिन्याने पुन्हा बघा. वाढला असेल तर यूपीएसची व्यवस्था कागदावरच आहे.

एफस्टॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची ती फाइल) डिस्क यूयूआयडीने (न बदलणारा ओळखक्रमांक) लिहा. एसडीए, एसडीबी ही नावं डिस्क काढल्या-घातल्यावर अदलाबदल होतात. संग्रहाच्या व्हॉल्यूमला नोएटाइम (फाइल कधी वाचली ते न नोंदणं), नोडेव्ह, नोएसयूआयडी. नुसता रेलटाइम २००९ पासून आपोआप असतोच, त्यामुळे नोएटाइमने चमत्कार होणार नाही. एसएसडीला डिस्कार्ड (रिकामी झालेली जागा लगेच डिस्कला कळवणं) लावू नका, आठवड्यातून एकदा चालणारा एफएसट्रिमचा टायमर पुरेसा आहे. ईएक्सटी४ ला एरर्स रिमाउंट-आरओ द्या, म्हणजे बिघाड दिसताच लिखाण थांबेल. ओळीतला शेवटचा आकडा (बूटला तपासणीचा क्रम) रूटला १, बाकीच्या ईएक्सटी४ ना २. बॅकअपच्या यूएसबी डिस्कला नोऑटो आणि नोफेल हवंच. नाहीतर डिस्क घरी राहिलेल्या दिवशी सर्व्हर दीड मिनिट वाट पाहून आणीबाणीच्या पडद्यावर थांबतो, आणि छापखाना सगळा सर्व्हर मेला असं समजतो. फाइल बदलल्यावर रीबूट करण्याआधी फाइंडएमएनटीचं व्हेरिफाय आणि मग माउंट वजा-ए चालवा.

एसएसडी एकच आहे, तिचा आरसा नाही. मला ते चालेल. ती गेली तर डेबियन पुन्हा टाकायला तासभर लागतो, पण त्यासाठी /ईटीसी आणि पॅकेजांची यादी रोज रात्री रेडवर गेली पाहिजे, चालू कामाचं फोल्डरही. पोस्टग्रेसचा डंप मात्र दर तासाला घ्या, बिलिंगचा डेटा लहान असतो. बॅकअपला दोन यूएसबी डिस्क, दोन्ही ईएक्सटी४, आलटून-पालटून, एक नेहमी मालकांच्या घरी. एक्सफॅटला जर्नल नाही आणि फाइलींच्या परवानग्याही तिथे टिकत नाहीत. रेड १ मध्ये चुकून उडवलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी उडते, त्यामुळे त्याला बॅकअप धरू नका.

हलवाहलव करताना जुन्या विंडोजचं फास्ट स्टार्टअप आधी बंद करून मशीन पूर्ण बंद करा, नाहीतर एनटीएफएस अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहते. मग ती डिस्क नव्या सर्व्हरला फक्त वाचण्यापुरती जोडा, ८५ तुकड्यांपेक्षा लांब नावांची यादी काढा, ती लहान करण्याचं काम जुन्याच मशीनवर करा, आणि आरसिंक चेकसमसह दोनदा चालवा. दुसऱ्या फेरीत एकही फाइल हलली नाही आणि शेवटचा कोड ० आला, की सांबाचा पत्ता नव्या सर्व्हरकडे वळवा. जुनी डिस्क पुढची दिवाळी होईपर्यंत पुसू नका. दिवाळी अंक आणि कॅलेंडरची जुनी फाइल वर्षातून एकदाच उघडली जाते, आणि ती मागे राहिली असेल तर ते तेव्हाच कळतं.